सोनाळ्याहून येणारा फोन

ती तक्रार शेवटी दाखल झालीच नाही, तरी माझ्या सगळ्या नोकरीत मला तीच जास्त आठवते.

मी तेव्हा मेहकरला ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना साठीच्या एक बाई आल्या. नीटनेटक्या, शांत.

"साहेब, चार महिने झाले, माह्या घरात एक माणूस घुसला. तोंड आमच्या मालकाचं, चष्मा त्याईचा, कपडे त्याईचे. पण थो ते नाही. माह्या मालकाले शोधून द्या."

बाईंचं भान तपासायला आजची तारीख-वार विचारले, त्यांनी चोख सांगितले. उडवून लावणार होतो, तेवढ्यात हवालदार कानाशी लागला. "साहेब, खबर हाय. मालकाचा धाकटा भाऊ हुबेहूब त्याच्यावानी दिसते. थोही चार महिन्यांपासून गावात नाही."

झालं, माझी झोप उडाली. धाकटा थोरल्याच्या जागी येऊन बसला असेल, तर थोरल्याचं काय केलं? खुनाचाच संशय घेऊन मी त्या माणसाला ठाण्यात आणलं.

तो स्वतःला एसटीचा निवृत्त कंडक्टर म्हणवत होता. दोन तास चौकशी केली. उत्तर एकच. "साहेब, मीच तो. बायको स्कूटीवरून पडली, डोक्याले मार लागला, तवापासून मले ओळखत नाही. माह्या हातचं पाणी नाही पेत."

शेजाऱ्यांना ती ओळखते, भाजीवालीला ओळखते, मग नवऱ्यालाच कशी नाही? मला ते नाटक वाटलं. मी त्याच्यावर नको तेवढा ओरडलो, त्याची आजही लाज वाटते. त्याचं आधार कार्ड आणि नोकरीचं ओळखपत्र बाईंपुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, "कागद खरे हाय, साहेब. माणूस खोटा."

मग त्यांनीच धागा दिला. कंडक्टर कैक वर्षं सोनाळ्याच्या मुक्कामी गाडीवर होते. गाडी तिथं पोचली की संध्याकाळी घरी फोन यायचा. बाई म्हणाल्या, "आताही तिकडंच असतीन. फोन काऊन करत नाही, कोणास ठाऊक."

मी ठरवलं, तोतया फोनवर उघडा पडेल. त्याला हवालदारासोबत मुद्देमालाच्या खोलीत पाठवलं आणि सोनाळ्याहून घरी करायचा तसाच फोन करायला सांगितलं. बाईंच्या हातातला मोबाइल वाजला.

"हॅलो," म्हणाल्या आणि ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, कुठी हा तुम्ही? किती वाट पाहावी माणसानं! जेवले का?" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भिंतीपलीकडून त्या माणसाचं रडणं मला ऐकू येत होतं.

मी धावत त्याला बाहेर आणलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि खुर्ची मागे ओढली. "हाच थो घुसलेला, साहेब," म्हणाल्या.

धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी सुरतेला कामावर सापडला. बाईंना मी मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. चेहरा ओळखणारी जागा एक, आपल्या माणसाबद्दल जिव्हाळा उठतो ती जागा दुसरी, आणि दोन्हींना जोडणाऱ्या वाटा असतात. मेहकर जागेवर, पलीकडचं बीबी गाव जागेवर, मधला रस्ता तेवढा उखडलेला. चेहरा दिसतो, जिव्हाळा उठत नाही, म्हणून मन म्हणतं हा तोतया. आवाजाची वाट वेगळी, ती शाबूत राहिली होती; पण चेहरा समोर असला की मन त्याचंच ऐकायचं. रस्ता पुन्हा होईल का, हे त्यांनाही सांगता येईना.

पंचनाम्यात मी किती वेळा लिहिलं असेल, 'ओळख पटली'. माणूस पटायला नुसता चेहरा पुरत नाही, हे मला त्या बाईंनी शिकवलं.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा संध्याकाळी त्यांच्या घरावरून जात होतो. कंडक्टर स्वतःच्याच ओट्यावर, दाराकडे पाठ करून, मोबाइल कानाला लावून बसले होते. मला पाहून त्यांनी हात केला. आतून बाईंचा आवाज आला.

"कधी येता?"

"गाडी लागली का निघतोच."

"या लवकर. मले करमत नाही." मग आवाज थोडा खाली आला. "आन् आयका, थो माणूस आजही ओट्यावर बसेल हाय. सकाळपासून उपाशी दिसते. त्याले दोन भाकरी देऊ का?"

कंडक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"दे," म्हणाले. "वाईट नाही थो माणूस."