थांबासाहेब

साडूला ‘थांबासाहेब’ हे नाव मी ठेवलं, हे आधीच सांगून टाकतो. कारण परवा कंपनीनं त्याला सन्मानचिन्ह दिलं त्यावर तेच नाव कोरलंय आणि माझा कुठे उल्लेखही नाही.

आम्ही एकाच घरचे जावई आणि एकाच कारखान्यात इंजिनिअर. कारखाना क्रेन बनवतो. मी ती जोडतो, तो तपासतो. म्हणजे घाम मी गाळायचा आणि यानं खाली हाताची घडी घालून उभं राहायचं, मनात आलं की ‘थांबा’ म्हणायचं. मागे एक क्रेन त्यानं अशीच अडवली. गिऱ्हाईक चिडलं, मोठे साहेब चिडले, साडूची रवानगी गोदामात. सासऱ्यांकडे जेवताना मी त्याची यथेच्छ टिंगल केली, तो आपला खाली मान घालून जेवत होता. पुढे त्या क्रेनच्या हुकात खरंच चीर सापडली. झालं! गडी गोदामातून थेट आपल्या जुन्या जागेवर, तोही हिरो होऊन.

तेव्हापासून सासऱ्यांच्या बैठकीत त्याचा मोठा फोटो. माझाही आहे, लग्नातला, मेव्हणीच्या खांद्याआड अर्धा झाकलेला. “आमचे थोरले जावई. यांनी माणसं वाचवली,” सासरे येईल त्याला सांगतात. माझा नुसता जळफळाट होतो. बायको म्हणते, “अहो, भाऊजींचं नाव निघालं की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करता तुम्ही.” करतो. मग?

म्हणून नव्या क्रेनच्या परवाच्या चाचणीवर माझी सगळी भिस्त होती. क्रेन गिऱ्हाइकाला पसंत पडली की कारखानाप्रमुखाची खुर्ची माझी, असं साहेबांनी सांगून ठेवलेलं. त्यात साडू त्याच दिवशी सन्मान घ्यायला मुख्य कचेरीत गेलेला. आडवं येणारं कुणी नव्हतं.

वजन झकास वर गेलं. खाली येताना मात्र ब्रेकच्या पेटीतून ‘टक’ असा आवाज आला. साहेब गिऱ्हाइकाशी हसत बोलत होते. सवयीनं मी साडूच्या जागेकडे पाहिलं, ती रिकामी. पुन्हा ‘टक’. उद्या या वजनाखालून माणसं ये-जा करणार होती. आजच मिरवायला जायचं होतं याला, म्हणून मी मनात त्याला शिव्या घातल्या, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “थांबा.”

सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. एवढं एकटं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. हे त्या बाबानं पुन्हा पुन्हा कसं सोसलं, याचाही मला हेवा वाटला.

पेटी उघडली. आत सगळं ठणठणीत. नुसतं झाकण सैल होतं, तेच वाजत होतं.

“झाकण?” साहेब म्हणाले. गिऱ्हाईक घड्याळ बघत निघून गेलं, त्याच्यामागे माझी खुर्चीही. दुपारपर्यंत मला नाव पडलं, ‘थांबा नंबर दोन’. चिडवण्यातसुद्धा दुसरा नंबर!

संध्याकाळी साडूचा फोन आला.

“साडूभाऊ, चांगलं केलंत.”

“डोंबलाचं चांगलं. झाकण निघालं.”

“माझंही पहिल्यांदा झाकणच निघालं होतं,” तो म्हणाला. “ते आता कुणाला आठवत नाही. पण त्या दिवशी मला कुणी चांगलं म्हणालं नव्हतं. म्हणून फोन केला.”

फोन ठेवला तशी बायको म्हणाली, “काय म्हणाले भाऊजी?”

“काय म्हणणार. झाकणातही तोच पहिला,” असं म्हणून मी घाईघाईनं तोंड धुवायला उठलो.