सॅम्पल फ्लॅटमधला वास

त्या केसचं नाव काढलं की मला अजून सुक्या बोंबलाचा वास येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे आता पुसट होत चाललेत. ही एक फालतू तक्रार मात्र डोक्यात घर करून बसलीय.

भाईंदरच्या खाडीला लागून भांड्यांसाठी पत्रे लाटणारा एक मोठा कारखाना होता. तो बंद पडला, शेड पाडल्या आणि तिथं उंच टॉवर, दुकानं, ऑफिसं असं अख्खं नवं शहर उठणार असे बोर्ड लागले. प्रत्यक्षात परवानग्यांच्या घोळात काम जोत्यापाशीच अडकलं होतं. त्या ओसाड जागेत उभं होतं फक्त विक्रीचं ऑफिस, आणि त्यामागे गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेला सॅम्पल फ्लॅट.

एका सकाळी तिथला सेल्स मॅनेजर तणतणत आमच्या पोलीस ठाण्यात आला. जैन माणूस, रडकुंडीला आलेला.

"सर, फ्लॅट में मछली की बास आ रही है. मेरा बायर नाक पकड़के भाग गया. ये दूसरे बिल्डर का काम है!"

ठाणे अंमलदाराने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. मी दटावलं आणि एका हवालदाराला घेऊन निघालो. मीरा-भाईंदरमध्ये मासळीच्या वासावरून सोसायट्या फुटताना मी पाहिल्यात, त्यामुळे मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही.

फ्लॅटच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि मी चक्रावलोच. बाहेर रणरणतं ऊन, धूळ, गंजलेल्या सळया. आत गारवा, मऊ उजेड. फळं मेणाची, पुस्तकं नुसत्या पुठ्ठ्यांची. मोठ्या खिडकीत खाडीचा फोटो लावलेला, मागून दिवे सोडलेले. वरच्या मजल्यावरून पहाटे खाडी कशी दिसेल ते दाखवायला! बगळे, धुकं, एक होडी. म्हणजे त्या घरात कायम पहाटच. पाच मिनिटं उभा राहिलो तर आपण कशाला आलोय तेच विसरायला झालं. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

हवालदाराने खाकरून मला जागं केलं. काही चोरीला गेलं नव्हतं, कुलूप शाबूत. ओट्यावर शोभेसाठी मांडलेल्या ताटांपैकी दोन तेवढी पुसून उपडी घातलेली. मी मनात म्हटलं, हे घातपाताचं काम नव्हे. त्रास द्यायला आलेला माणूस ताटं पुसत बसत नाही. इथं कुणीतरी बाई जेवून गेलीय.

किल्ली वॉचमनकडे असायची. त्याला ठाण्यात बोलावून समोर बसवलं. पन्नाशी उलटलेला, त्याच कारखान्यातला जुना कामगार. दोन तास झाले तरी हूं की चूं नाही.

"नोकरी जाईल तुझी, कळतंय का?"

"जाऊ दे साहेब."

असं म्हणणारा माणूस स्वतःसाठी काही लपवत नसतो. मी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवलं. त्याने काही सांगितलं नसलं तरी ऑफिसला सुट्टी फक्त मंगळवारी असते, एवढं मला कळलं होतं.

मंगळवारी दुपारी मी साध्या कपड्यांत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक म्हातारा आणि त्याची बायको जमिनीवर समोरासमोर बसून जेवत होती. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील. मी आत शिरलो तशी ती कडाडली, "चपला भायेर काडा! घर हाय का बाजार?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी झापलं नव्हतं. मी मुकाट्याने चपला काढल्या.

म्हातारा मात्र पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन हात जोडले. तोही त्याच कारखान्यातला, म्हणून वॉचमन दर मंगळवारी त्याला किल्ली द्यायचा. कारखाना बंद झाल्यावर मिळालेली सगळी पुंजी त्याने इथल्या टॉवरमध्ये घातली होती. बायको खाडीच्या तोंडाशी असलेल्या चौक गावची, कोळ्याची मुलगी. दोन वर्षांपासून तिला विसरायला होत होतं. भाड्याच्या खोलीत ती दिवसभर गाठोडं बांधून बसायची, 'घरा चला' म्हणायची आणि ताटाला शिवायची नाही.

"बुकिंगच्या वेळी इथं आणलेलं साहेब. त्या खिडकीपाशी बसली आणि बोलली, आलो बाबा घरा. इथंच काय ती पोटभर जेवते. उपाशी मरेल हो ती. मला आत टाका पाहिजे तर, पण हिचा मंगळवार तोडू नका."



मॅनेजरला बोलावून घेतलं. त्याचा एकच हेका, घुसखोरीचा गुन्हा दाखल करा. मी म्हटलं, "शेठ, कलमात वाईट हेतू लागतो. त्यांनी पैसे भरलेत तुमच्याकडे. घर तुम्ही दिलं नाहीत, म्हणून दाखवलंत त्यात येऊन बसले." तो दारात उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला. ती फोटोतल्या होडीकडे बघत सावकाश घास चावत होती.

"मंगलवार को वैसे भी बंद रहता है," तो शेवटी म्हणाला. "लेकिन मछली नहीं, सर. प्लीज."

हे तिला सांगितल्यावर ती भडकली. "मावरं न्हाय? सुतक हाय काय?"

अखेर त्या जैन माणसानेच वास झाकायला उदबत्तीचे पुडे आणून ठेवले. तक्रार मागे घेतली. वॉचमनची नोकरीही राहिली.

पुढे मी निवृत्त झालो. मध्ये टॉवर उभे राहिले आणि अगदी शेवटी सॅम्पल फ्लॅट पाडून तिथं गाड्यांचा रस्ता झाला. एके दिवशी म्हाताऱ्याचा फोन आला. "साहेब, चावी मिळाली. पण ती आत येईना."

लिफ्टने वर गेलो. खरं घर, खऱ्या खिडकीतून खरी खाडी, वारा भणाणतोय. आणि ती बाहेर पॅसेजमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. "ह्ये आमचं घर न्हाय. घरा चला." म्हातारा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. ज्या घरी जायचं म्हणत होती, त्यावरून आता गाड्या जात होत्या. हे तिला कोण सांगणार?

एक गोष्ट मी खात्यात शिकलो होतो. अडून बसलेल्या माणसाला पटवायला जाऊ नये, त्याच्याकडे काहीतरी मागावं. मी सरळ आत गेलो, फरशीवर मांडी ठोकली आणि हाक मारली, "वहिनी, उन्हातून आलोय. घोटभर पाणी तरी द्या!"

मग गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती आत आली, नवऱ्यावर खेकसली, पेला शोधायला दोन-तीन कपाटं उघडली. पाणी माझ्यासमोर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"आमचे घरा आलाव. जेवल्याशिवाय जावाचा न्हाय."