हाताला लागलेला चेंडू

जो चेंडू हाताला लागून सुटतो, ती चूक. जो हाताला लागतच नाही, तो समोरच्याचा फटका. त्यात तुमचा काही दोष नाही. खुशबू रामटेके भिलाईत सेक्टरच्या मैदानावर, लाल मुरमात गुडघे सोलून घेत बेसबॉल शिकली, तेव्हा शामसुंदर सरांनी हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. नियमांच्या पुस्तकात तो असा नाही. साध्या प्रयत्नात यायला हवा होता तो चेंडू सुटला तरच चूक, असं पुस्तक म्हणतं. पण ते तिनं फार पुढे वाचलं, आणि मैदानावर पुस्तक आणतं कोण?

ती शॉर्टस्टॉप होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त चेंडू इथेच येतात आणि अंगावर धावून येतात. खुशबूचे पाय बॅटचा आवाज पुरता कानी पडायच्या आत निघालेले असत. बाकीच्या मुली ज्या चेंडूकडे नुसती मान वळवून बघत, त्याच्यावर ती आडवी होऊन पडे. पुष्कळ पकडी. काही ग्लोव्हच्या टोकाला लागून निसटत, आणि मग सरांचा आवाज येई, "चूक!"

शिल्पा तिची मैत्रीण, आणि त्याच जागेवरची दुसरी मुलगी. ती समोर आलेला चेंडू सफाईनं घेई आणि बाजूनं जाणाऱ्याच्या वाटेला जात नसे.

"तू कावून एवढी पयतं वं?" ती खुशबूला म्हणे. "जानारा बॉल जाऊ दे ना. तो का आपल्या घरचा हाय?"

राज्याच्या संघाची निवड झाली त्या सकाळी एक चेंडू तिसऱ्या बेसच्या कडेनं, जमिनीला घासत गेला. खुशबूनं झेप घेतली. ग्लोव्हची दोन बोटं त्याला लागली, चेंडू क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि सुटला. थोड्या वेळानं तसाच चेंडू शिल्पाच्या वेळी आला. शिल्पानं तो जाताना पाहिला आणि पँटवरची धूळ झटकली. खुशबूच्या नावावर चूक चढली, शिल्पाच्या नावावर काहीच नाही. संघात शिल्पा गेली. संघातून खेळाडूंच्या कोट्यात, कोट्यातून रेल्वेत. आता ती दुर्गला असते. दिवाळीत भेटली की गळ्यात पडते.

खुशबूला खेळानं पुन्हा बोलावलं ते निराळ्याच वाटेनं. बाहेर देशातली एक कंपनी बेसबॉलचा कॉम्प्युटर गेम बनवते. खेळणारा घरबसल्या संघाचा मालक होतो आणि अख्खा हंगाम चालवतो. त्यासाठी खऱ्या खेळाडूंचे आकडे लागतात: तो किती लांबच्या चेंडूपर्यंत पोहोचतो, हात किती साफ आहेत, फेक किती जोरकस आहे. हे आकडे ठरवायला कुणाला तरी सामन्यांचे व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून बघावे लागतात. नागपूरच्या एका ऑफिसानं ते काम घेतलं होतं आणि खेळलेली माणसं शोधली होती. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घराच्या पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल लावून खुशबू बसू लागली. शॉर्टस्टॉपची सगळी यादी तिच्याकडे आली. कॉलेज सुटल्यापासून तिच्या वाट्याला आलेलं हे पहिलं काम, ज्यात तिला कुणी काही शिकवायला लागलं नाही.

आणि त्या यादीत लाल टोपीवाला आला. खालच्या दर्जाच्या लीगमधला, काटकुळा, विशीतला पोरगा. ज्या चेंडूसाठी कुणी पाऊल उचललं नसतं तिथे तो पोहोचे, पडल्यापडल्या फेके, आणि फेक भरकटे. नावावर चुकांचा ढीग. खुशबूनं त्याच्या हातांना बेताचे गुण दिले आणि पोहोचण्यात त्याला सगळ्यांच्या वर बसवलं.

चंदनचा फोन आला. नागपूरहून तो सगळ्यांचे आकडे तपासायचा.

"ताई, हा लाल टोपीवाला तर तुम्ही पार डोक्यावर घेतला! त्याच्या चुका पाहिल्या का?"

"पोचतो म्हणून चुकतो. दुसरे तिथपर्यंत जातच नाहीत, तर त्यांच्या चुका होतील कुठून?"

"बरोबर आहे हो तुमचं. पण गेम घेणाऱ्याले चूक दिसते, पोचणं नाही दिसत. मग तो शिव्या आमाले देते."

"मग आपण दाखवू ना त्याला."

"भावनेत वाहून राहिल्या तुमी." चंदन हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोचण्याचा आकडा खाली उतरवा ताई. वरचे म्हणतात, या मॅडमचं जुळत नाही. शॉर्टस्टॉपची यादी दुसऱ्याले देऊन टाकतील. उद्यापर्यंत सांगा मले."

खुशबूनं मनाशी एक ठरवलं. तिला चेंडूपर्यंत पोहोचताना पाहिलेला एक माणूस अजून होता. त्यानं एकदा म्हणावं, तो चेंडू अवघड होता. मग पोराचा आकडा तसाच राहील, यादी गेली तर गेली.

निवृत्तीनंतर शामसुंदर सर पावर हाउसच्या बाजारात भाच्याच्या खेळसामानाच्या दुकानात बसत. तिला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला.

"सर, निवडीच्या दिवशीचा तो बॉल आठवतो? तिसऱ्या बेसकडचा. मी झेप घेतली होती."

"कोणता गं?" सरांनी खरोखरच आठवून पाहिलं. "बॉल नाही आठवत बाई. सुटायचे एवढं आठवते. बॉल छोड़ने में तू नंबर वन थी!" ते मोकळेपणानं हसले. "शिल्पाच्या नावावर मात्र डाग नाही."

"शिल्पानं तो गाठला असता?"

"छे!" सर लगेच म्हणाले. "तिच्या बापाच्यानं गाठला नसता. तू गाठला, म्हणून तर सुटला ना."

बेरीज समजावून द्यावी तसे ते बोलले. चहा आला. तिनं तो संपवला, सरांच्या पाया पडली आणि ऑटोत बसली.

देवाजी, तिचे वडील, दारातच खुर्ची टाकून बसले होते. पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर त्यांची हयात गेली होती.

"कावून तोंड उतरलं वं?"

तिनं सांगितलं. लाल टोपीवाल्याचं सांगितलं, सरांचं नाही. देवाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"बिघाड झाला का वाल्वले हात लावला त्याचंच नाव येते, पोरी. ज्यानं लावलाच नाही तो साफ रिटायर होते."

"तुम्ही लावायचे, बाबा?"

"पहिले लावत होतो," देवाजी म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

आत येऊन तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. लाल टोपीवाला झेपावला, पडला, त्यानं फेक केली. चेंडू पहिल्या बेसवरून उडून गेला. उठून त्यानं ग्लोव्ह मांडीवर आपटला आणि आपण जिथे पडलो ती जमीन पायानं चाचपली, खडा वगैरे होता का म्हणून. ती सवय तिची होती.

तिनं आकडा उतरवला. कारणाच्या चौकटीत लिहिलं: चुका जास्त. फोनवर चंदनचा अंगठा लगेच आला.

पुढचा खेळाडू उघडला. चेंडू त्याच्यापासून दोन हातांवरून गेला. त्यानं तो जाताना पाहिला आणि टोपी सारखी केली. हात साफ. तिनं त्याला भरपूर गुण दिले.

"झालं का वं काम?" बाहेरून देवाजींनी विचारलं.

"झालं बाबा. एक बी चूक नाही निघाली."