कानबाई गाडीत असताना

श्रावणातल्या त्या रविवारी दुपारी मी धुळ्यातल्या एका मोकळ्या प्लॉटवर गाडी लावली. वर्षानुवर्षं तिथेच लावत आलो होतो. समोरच्या दुकानातून कानबाईसाठी नथ घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत एरंडोलजवळच्या आमच्या गावी पोचायचं, एवढंच ठरलेलं. पुढच्या सीटवर आमच्या कानबाईचा, श्रावणात घरोघरी बसणाऱ्या खानदेशच्या देवीचा, नारळ होता. लाल खणात गुंडाळून वरून मी सीटबेल्टही लावला होता.

आमच्या घराण्यात कानबाई बसते ती त्याच एका जुन्या नारळाची. वर्षभर तो थोरल्याकडे असतो. थोरला भाऊ गेल्या वर्षी वारला आणि नारळ माझ्याकडे आला. तेव्हापासून आईचा कशावरच भरवसा राहिला नव्हता. बाईला घेऊन येतोय ना, हे विचारायला सकाळपासून तीन वेळा तिचा फोन आला होता, "बाईले लई येशी ना रे भाऊ?" गावात भाऊबंद जमले होते, प्रत्येकाच्या नावाचे सव्वा मूठ गहू दळून झाले होते. खोळंबा होता तो फक्त माझा.

नथ घेऊन आलो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर. काचेवर चिकटवलेली पावती म्हणत होती, खासगी जागा, दंड पाचशे रुपये. पाटी होती, पण पलीकडच्या फाटकाकडे तोंड करून. रखवालदार खुर्चीवरून उठून आला.

"पैसा भरी द्या भाऊ, मी लगेच कुलूप काढस. चावी मनाकडेच शे."

पाकीट खिशात होतं. पण मी नगरपालिकेत तीस वर्षं लोकांना नोटिसा बजावलेला माणूस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दंड लावायचा अधिकार तुमच्या मालकाला कोणी दिला, लेखी दाखवा, म्हणून मी अडून बसलो. मालकाला फोन लावला, तो उचलेना. पाटीचे चारी बाजूंनी फोटो काढले. ओळखीच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला, केस चांगली आहे, पण आज रविवार आहे. रखवालदार बिचारा दर थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा म्हणत होता. त्याच्या शांतपणाचाही मला राग आला.

मध्येच काचेतून आत पाहिलं. सीटवर ऊन आलं होतं आणि बाई त्या उन्हात बसली होती. मी काच थोडी खाली केली, खणाचं टोक तिच्यावर ओढलं आणि पुन्हा भांडायला गेलो. आईचा फोन वाजला. काय सांगणार, म्हणून उचलला नाही. नंतर दोनदा वाजला, तेव्हाही नाही. तोंड थांबत नव्हतं.

सावल्या लांबल्या तेव्हा कुठे मी पैसे भरले. त्याने दोन मिनिटांत कुलूप काढलं, सीटवरचा नारळ पाहिला आणि हात जोडले. मला म्हणाला, "आधीच सांगनं व्हतं ना भाऊ." पारोळ्यापर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

गावात शिरलो तेव्हा शेजारच्या घरांत कानबाईची गाणी सुरू झाली होती. आमच्या ओसरीवर अंधार, भाऊबंद आत खोळंबलेले. आई दारातच बसली होती.

"तू येशी तवय लावसू म्हनीसन मी दिवा लावा नही," ती म्हणाली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिला वाटलं होतं, दुसराही गेला.

"गाडी बिघडली होती," मी सांगितलं.

बाई बसली, आरती झाली. पदर पसरून आई किती तरी वेळ पुटपुटत होती. नातवंडांसाठी मागत असेल, असं मला वाटलं. जवळ गेलो तेव्हा शब्द ऐकू आले.

"मना पोऱ्यानी गाडी नीट ठेव, माय."