आधी नस, मग डोळा

प्रयोगशाळेत डोळा आला की सबनीस मॅडम आधी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचत. "ही बबली. वय तीन. गाझियाबाद." नंबर असायचाच, पण नंबरानं बोललेलं त्यांना खपत नसे. कॅन्सरमुळे डोळा काढावा लागलेली ही लहान मुलं. दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात डॉ. मालती सबनीस डोळ्यातल्या गाठींवर संशोधन करत आणि मी त्यांचा टेक्निशियन होतो. डोळा कापून त्याचे पातळ काप काचेवर चढवायचे, हे माझं काम.

साडी कडक इस्त्रीची, डबा मात्र रोज घरी विसरलेला. माझ्या डब्यातली पोळी त्या न विचारता उचलत आणि वर मीठ कमी आहे म्हणून सांगत. तेव्हा नव्या सेक्टरांतून काचेची खाजगी इस्पितळं उभी राहत होती. त्यांचे लोक गाडी घेऊन बाईंना न्यायला येत. "तिथे मोतीबिंदू मिळतील रे, ही पोरं कुठे मिळणार?" असं म्हणून त्या कामाला लागत. मी "मला वाटतं" अशी सुरुवात केली की लगेच थांबवत, "दिसलं ते सांग. वाटलं ते चहाच्या वेळी."

डोळ्यामागची नस टोकापर्यंत स्वच्छ असेल, तर मुलाला केमोची ती जबर औषधं देणं टाळता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी आमच्याकडे नियम एकच. आधी नसेचं टोक कापून वेगळं ठेवायचं, मगच डोळा उघडायचा. उलट केलं तर गाठीतल्या पेशी सुरीवरून नसेला लागतात आणि नसलेला आजार दिसतो.

नोएडातल्या माझ्या फ्लॅटचा ताबा मिळायचा होता, त्या दिवशी मी उलट केलं. पाचच्या आत बिल्डरच्या ऑफिसात पोचायचं होतं, चार्टर्ड बस सुटत होती. डोळा बबलीचा होता.

चार दिवसांनी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. नसेच्या टोकावर पेशी दिसत होत्या. "सुहास, नस आधी कापलीस ना?"

"हो मॅडम." किती सहज म्हणालो! त्यांनी विश्वास ठेवला आणि औषधं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत न जाता थेट वॉर्डात गेलो. नर्स बबलीच्या हातात सलाईनची सुई लावत होती, मॅडम बाजूलाच होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सुई थांबवली. दोन दिवस बसून नसेचे आणखी आतून काप पाहिले. नस स्वच्छ होती, पेशी नुसत्या वर चिकटलेल्या होत्या. मग मला विचारलं, "ह्याआधी असं कितीदा?"

"एक-दोनदा असेल. कोणाचे ते आठवत नाही."

"मग सगळेच गेले," त्या म्हणाल्या. माझ्या हाताखालून गेलेले वर्षभराचे डोळे त्यांनी संशोधनातून काढून टाकले. शोधनिबंध रखडला आणि तोच निष्कर्ष दुसऱ्या कुणीतरी आधी छापला. मॅडम जाऊन आता सहा वर्षं झाली, पण हे आठवलं की मला आजही लाज वाटते.

बबलीचे वडील मानेसरच्या कारखान्यात होते. नस स्वच्छ निघाली त्या दिवशी ते कंपनीच्या गणवेशातच आले आणि हात जोडून मॅडमना म्हणाले, "डॉक्टर साहब, आपने बच्ची को बचा लिया."

"हाथ मत जोड़िए. दवा की ज़रूरत ही नहीं थी. ग़लती हमारे यहाँ हुई."

"किससे हुई?"

मी मागेच उभा होतो. मॅडमनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "मुझसे," त्या म्हणाल्या.

नंतर जिन्यात मला रडू आवरेना. त्या दोन पायऱ्या खाली थांबल्या. "रडून घे, खुशाल घे. मग तोंड धू. उद्या साडेआठला दोन डोळे यायचेत."

दुसऱ्या दिवशी त्या शेजारी उभ्या राहून माझे हात बघणार, असंच मी धरून चाललो होतो. त्यांनी दोन्ही बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या, सुरी ठेवली आणि ओपीडीला निघून गेल्या.