तळहाताखालची उंची

लेकीच्या उंचीचं कुणी कौतुक केलं की माझी खालची शेजारीण लगेच पोरीच्या डोक्यावर तळहात ठेवून खाली दाबायची, लोणच्याची बरणी दाबून भरावी तशी. "छोटी है. अभी छोटी है."

लेक बारा वर्षांची. जपानीत कुरकुरत मान सोडवून घ्यायची.

जपानातल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत हे अफगाण कुटुंब खालच्या मजल्यावर राहायचं. नवरा जुन्या गाड्यांच्या यार्डात कामाला. तिनं काही वर्षं पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेली, त्यामुळे तिची उर्दू आणि माझी मुंबईची हिंदी यांचं छान जमायचं. इथं कचरा प्रकारानुसार वेगळा करून टाकावा लागतो; कचऱ्याच्या दिवशी माझ्या पिशवीतून ती नको ती बाटली शोधून काढायची. "दीदी, फिर?" मी कान पकडायची.

एकदा मी तिला तिच्या लग्नाचं विचारलं. "तेरा की थी. बंदूकवाले उठा ले जाते, तो अब्बा ने पहले ही दे दिया." नवरीचे बूट मोठे होत होते, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. हे सांगताना ती हसली. मी कशालाही हसणारी बाई. मला हसता आलं नाही.

आता माझा पराक्रम ऐका. गणपतीत मंडळासाठी मी मुलींच्या फुगड्या बसवल्या. एक मुलगी कमी पडली, म्हणून खालच्या पोरीला घ्यायचं ठरवलं. तिची आई कामावर होती. बापाला विचारलं, तो खूश. मी पोरीला नऊवारी नेसवली, अंबाडा घातला, नथ, हिरवा चुडा. बायका म्हणाल्या, "अगदी नवरी दिसतेय गं!" मी मोठ्या दिमाखात फोटो काढून बापाला पाठवला. त्यानं तो गावी थोरल्या भावाला धाडला.

चार दिवसांनी ती दारात उभी. "दीदी, फोटो मिटा दो."

मी तिच्यासमोर पुसला.

"इसके चाचा ने देख लिया. कहता है, बड़ी हो गई. कमांडर ने बेटे के लिए माँगी है."

"स्कूल में बोलेंगे. इधर पुलिस है."

"मेरी छोटी बहन वहाँ है. ये नहीं, तो वो."

हिवाळ्याच्या सुट्टीत तिघं गेले, आजीला भेटायला म्हणून. एप्रिलमध्ये नवरा एकटा आला आणि घर रिकामं करून गेला. माझी कचऱ्याची पिशवी आता कुणी उघडत नाही.

ते निघाले त्या सकाळी मी खाली सोडायला गेले होते. विमानतळाच्या बसच्या रांगेत मागच्या जपानी आजी पोरीकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, केवढी उंच आहेस गं. आईचा हात सवयीनं वर गेला.

पोरीनं या वेळी मान सोडवली नाही. तिनं गुडघे वाकवले.