लागते म्हणायचं नाही

माझ्या धाकट्या भावाला बाकीचे सुतार ‘काटकोन’ म्हणतात. त्याच्या चौकटीत कधी सूतभर फरक निघत नाही. गेल्या वर्षी शिडीवरून पडला, पाठीचे दोन मणके गेले आणि काटकोन वाकला. हा विनोदही त्याचाच.

पण आठ वर्षांपूर्वी त्याला दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन होतं. तेव्हा रोज “ताई, दुखतंय गं” म्हणायचा आणि मी वेडी गोळ्या आणून द्यायचे. शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने काढून सुटला. आता पाठीसाठी डॉक्टरीणबाईंनी त्याच जातीची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक. डबी मात्र माझ्या ताब्यात.

दोन महिन्यांनी तपासणीत बाईंनी विचारलं, “गोळी लागते का अजून?”

“अजिबात नाही,” हा छाती काढून म्हणाला. बाई खूश झाल्या आणि त्यांनी गोळी कमी करत करत बंद केली.

पुढे त्याला वाकून बूटही घालता येईना. मी भडकले. “दुखत होतं तर नाही कशाला म्हणालास?”

“दुखतं का, असं कुठं विचारलं त्यांनी? लागते का विचारलं. केंद्रात रोज सकाळी उभं राहून म्हणायचो, मला गोळी लागत नाही. आता लागते म्हणू?”

मी डोक्याला हात लावला. पुन्हा बाईंकडे गेलो, सगळं सांगितलं.

“मग यापुढे दुखतं का, एवढंच विचारू?”

“ते तर तो तेव्हाही म्हणायचा,” मी बोलून गेले. भावानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

“खरं सांगू? मलाही नक्की कळत नाही,” बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “काय करता येत नाही, ते सांगा.”

“रंधा मारता येत नाही.”

एका आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, दिवसाला एक.

सकाळी त्याच्या तळहातावर गोळी ठेवली आणि त्याचा चेहरा निरखत राहिले, पूर्वी निरखायचे तसा.

“ताई, अशी बघू नकोस गं.”

मी तोंड फिरवलं. तासाभरानं पलीकडून रंध्याचा आवाज आला. भाऊ कामाला लागला होता. मी डबी उघडून गोळ्या मोजल्या. सहा होत्या, बरोबर होत्या. तरी पुन्हा मोजल्या.